पत्र थांबलं, लस थांबली: जपानच्या नर्सिंग विद्यार्थिनी आणि एचपीव्ही लशीचं प्रकरण

२०२२ च्या एप्रिलमध्ये जपानमधल्या नर्सिंग महाविद्यालयात तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या एखाद्या मुलीची लसीकरणाची फाइल उघडली असती, तर ती बहुधा चोख निघाली असती. गोवर, रुबेला, गालगुंड आणि कांजिण्या या चारही आजारांच्या अँटिबॉडी तपासलेल्या, आणि जिथे कमी निघाल्या तिथे लस दिलेली. हिपॅटायटिस बीचे तीन डोस आणि नंतरची रक्ततपासणी झालेली. कोविडच्या लशीही घेतलेल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणाऱ्या एचपीव्ही लशीची नोंद मात्र बहुतेकींच्या फाइलमध्ये नव्हती.

याच मुली वर्गात या कर्करोगाचं नर्सिंग शिकत होत्या. एचपीव्ही या विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना कारणीभूत असतात, हे परीक्षेत लिहीत होत्या. त्यामुळे ‘माहिती नव्हती म्हणून लस घेतली नाही’ हे नेहमीचं उत्तर इथे पुरत नाही. आरोग्यशाखेतली विद्यार्थिनी लस घ्यायचं मनावर कशामुळे घेते, हा एक प्रश्न झाला. मनावर घेऊनही तिच्या दंडात सुई का जात नाही, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांना एकच औषध द्यायची आपली सवय फार जुनी आहे: आणखी एक व्याख्यान, आणखी एक पोस्टर. जपानचं प्रकरण पाहिलं की ते औषध कुठे लागू पडतं आणि कुठे वाया जातं, ते बरंच स्पष्ट होतं.

काय घडलं

जपानमध्ये एचपीव्हीच्या पहिल्या लशीला ऑक्टोबर २००९ मध्ये मंजुरी मिळाली. २०१० च्या अखेरीपासून सरकारी खर्चाने लस मिळू लागली आणि १ एप्रिल २०१३ रोजी ती राष्ट्रीय नियमित लसीकरणात आली. सहावीपासून दहावीपर्यंतच्या, म्हणजे साधारण १२ ते १६ वर्षांच्या मुलींना ती मोफत होती. १९९४ ते १९९९ या काळात जन्मलेल्या मुलींमध्ये लसीकरणाचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास गेलं होतं.

२०१३ च्या वसंतात लस घेतलेल्या काही मुलींच्या तीव्र वेदना, चालताना येणारी अडचण आणि अनियंत्रित हालचाली यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर येऊ लागल्या. १४ जून २०१३ रोजी, नियमित लसीकरणात समावेश होऊन अडीच महिनेही झाले नव्हते तेव्हा, आरोग्य मंत्रालयाने ‘सक्रिय शिफारस’ स्थगित केली.

या स्थगितीत काय होतं ते बारकाईने पाहायला हवं. लशीवर बंदी आली नव्हती. लस नियमित कार्यक्रमात राहिली आणि मोफतच राहिली. दवाखान्यात जाऊन मागितली असती तर कायद्याने मिळाली असती. थांबलं ते एवढंच, की नगरपालिकांकडून घरोघरी जाणारं ‘तुमच्या मुलीची लशीची वेळ झाली आहे’ असं पत्र जाईनासं झालं. पत्र थांबल्यावर साप्पोरो शहरातलं लसीकरण सुमारे ७० टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर आलं. २००२ च्या आसपास आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलींमध्ये देशभर हीच स्थिती झाली.

हे आठ-नऊ वर्षं चाललं. जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा सल्लागार समितीने डिसेंबर २०१५ मध्ये जपानचं नाव घेऊन इशारा दिला, की कमकुवत पुराव्यावर घेतलेल्या धोरणामुळे टाळता येण्याजोग्या कर्करोगापुढे तरुण मुली असुरक्षित राहत आहेत. नागोया शहराने त्याच वर्षी सुमारे ७१ हजार मुली आणि तरुणींना प्रश्नावली पाठवली आणि जवळजवळ ३० हजार जणींनी ती भरून दिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात २४ लक्षणं तपासली गेली. लस घेतलेल्या मुलींमध्ये त्यांचं प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त असल्याचं दिसलं नाही. तरीही पत्रं सुरू झाली नाहीत. शिफारस पुन्हा सुरू करण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला आणि तो एप्रिल २०२२ पासून अमलात आला.

त्या मुलींच्या वेदनांबद्दल एक सांगणं आवश्यक आहे. वेदना खऱ्याच होत्या. लसीकरणाच्या वेळचा ताण, सुईची भीती, आधीचा त्रास आणि भोवतालचं वातावरण यांतून शरीरात प्रत्यक्ष लक्षणं उमटू शकतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्यावर स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. ‘लशीमुळे नाही’ याचा अर्थ ‘ढोंग आहे’ असा कधीच होत नाही. ज्या आरोग्यसेवकांनी तसा अर्थ काढला, त्यांनी त्या कुटुंबांचा विश्वास तर गमावलाच, शिवाय बाजूला उभं राहून ऐकणाऱ्या हजारो आयांचाही.

आता तारखा जुळवून पाहू. २०१३ मध्ये सहावीत असलेली मुलगी एप्रिल २००१ ते मार्च २००२ दरम्यान जन्मलेली. २०२० मध्ये ती नर्सिंगला आली. म्हणजे शिफारस पुन्हा सुरू झाली तेव्हा महाविद्यालयांत जी पिढी होती, ती नेमकी पत्र न मिळालेलीच पिढी होती. सरकारने १९९७ नंतर जन्मलेल्या, संधी हुकलेल्या मुलींसाठी एप्रिल २०२२ ते मार्च २०२५ अशी तीन वर्षांची मोफत ‘भरपाई’ मोहीम आखली. १२ व्या वर्षी आईवडिलांनी घेतलेला, किंवा न घेतलेला, निर्णय आता २१ व्या वर्षी तिच्या हातात आला. योगायोग असा, की जपानमधलं सज्ञान होण्याचं वय २० वरून १८ झालं तेही याच महिन्यात.

एकच मुलगी, दोन लशी

हिपॅटायटिस बीची लस याच मुलींनी का घेतली? ती बाळांच्या नियमित लसीकरणात ऑक्टोबर २०१६ मध्ये आली, त्यामुळे या पिढीला लहानपणी ती मिळालेली नव्हती. म्हणजे सुरुवात दोन्ही लशींची सारखीच, शून्यापासून. डोसही तीनच आणि सहा महिन्यांत पसरलेले. दंड दुखतो तोही दोन्हींनी.

फरक दंडाच्या बाहेर आहे. हिपॅटायटिस बीसाठी महाविद्यालय यादी लावतं, तारीख ठरवतं, जागा ठरवतं, एकीचा डोस चुकला तर तिला शोधून बोलावतं. वॉर्डात पाऊल टाकण्याआधी नोंद पूर्ण हवी, कारण रुग्णालय ती मागतं. जपानी संसर्ग-नियंत्रण संस्थेची आरोग्यसेवकांसाठीची लसीकरण मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि विद्यार्थीही त्यांत येतात. शिवाय धोका डोळ्यांसमोर असतो. रक्ताने माखलेली सुई टोचली आणि रुग्ण हिपॅटायटिस बीचा वाहक असला, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला संसर्ग होण्याची शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती ०.३ टक्के आहे. हे आकडे पहिल्याच वर्षी सांगितले जातात आणि सुई टोचलेली एखादी सीनिअर प्रत्येक वॉर्डात भेटते.

एचपीव्हीचं तसं काही नाही. हा विषाणू लैंगिक संपर्कातून पसरतो, रुग्णाकडून नर्सला सहसा लागत नाही. त्यामुळे रुग्णालय विचारत नाही आणि महाविद्यालयही विचारत नाही. जे कुणी विचारत नाही ते खासगी ठरतं, आणि खासगी ठरलेली गोष्ट परीक्षेनंतर बघू, सुट्टीत बघू, अशी पुढे जात राहते. माझं मत असं आहे, की या प्रकरणातली सर्वांत मोठी तफावत ‘लशीवर विश्वास असलेली’ आणि ‘नसलेली’ यांच्यात नव्हतीच. ती ‘कुणीतरी तारीख ठरवलेली लस’ आणि ‘जिची तारीख तिची तिनेच ठरवायची अशी लस’ यांच्यात होती.

मनात काय चालतं

तरीही मनाचा भाग सोडून चालणार नाही. या वयोगटातल्या जपानी विद्यार्थिनींवर झालेल्या सर्वेक्षणांत काही कारणं पुन्हा पुन्हा येतात: दुष्परिणामांची भीती, आईचं मत, मैत्रिणींनी घेतली की नाही, आणि वेळ.

दुष्परिणामांची भीती पाठ्यपुस्तकाने जात नाही, कारण ती पाठ्यपुस्तकातून आलेलीच नसते. या मुली १२-१३ वर्षांच्या असताना टीव्हीवर व्हीलचेअरमधल्या मुली दिसत होत्या, आणि त्या त्यांच्याच वयाच्या होत्या. दहा वर्षांनी इम्युनॉलॉजीचा धडा वाचला, तरी ते चित्र तसंच राहतं. त्यात आणखी एक जपानी संदर्भ. तिथे १९७० च्या दशकात मांडीच्या स्नायूंत वारंवार दिलेल्या इंजेक्शनांमुळे मुलांचे स्नायू आखडल्याची प्रकरणं मोठ्या प्रमाणावर पुढे आली. तेव्हापासून बहुतेक लशी त्वचेखाली द्यायची पद्धत रुळली. एचपीव्हीची लस स्नायूत द्यावी लागते. म्हणजे ज्यांना आजवरच्या लशी त्वचेखाली मिळाल्या, त्यांच्यासाठी ही लस जास्त दुखरी आणि अनोळखी होती. कोविडच्या लशीने २०२१ मध्ये निदान ही अनोळख संपवली.

१९९३ साली गालगुंडाच्या घटकामुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या तक्रारींनंतर गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्यावरची एकत्रित एमएमआर लस मागे घेतली गेली होती, आणि १९९४ च्या कायदादुरुस्तीने लसीकरण सक्तीचं राहिलं नाही. लशींबद्दल सरकारने हात आखडता घेणं जपानी पालकांना नवं नव्हतं. अशा देशात सरकार एखाद्या लशीबद्दल बोलणं थांबवतं, तेव्हा लोक त्या गप्प बसण्याचा अर्थ लावतात. ‘लस सुरक्षित असती तर पत्र पाठवलं असतं ना’, हा तर्क आईने केला तर तिला अडाणी म्हणता येणार नाही. उपलब्ध माहितीवरून काढलेला तो अगदी सरळ निष्कर्ष आहे.

आईचा मुद्दा म्हणूनच मोठा आहे. २१ वर्षांच्या नर्सिंग विद्यार्थिनीला कुणाच्या सहीची गरज नसते, पण ती घरी फोन करते. ज्या आईने २०१३ मध्ये ‘नको’ ठरवलं, तिला आता ‘हो’ म्हणायचं तर तेव्हाचा आपला निर्णय चुकला हे मान्य करावं लागतं. मुलीला वर्गातून मिळालेली माहिती आणि आईला दहा वर्षांपूर्वी वाटलेली काळजी, यांच्या मध्ये उभं राहून मुलगी बहुधा विषयच काढत नाही. लस घेण्यातला अडथळा म्हणून ‘कौटुंबिक विरोध’ असा रकाना सर्वेक्षणात असतो, पण वाद न होता नुसता टळलेला विषय त्यात नोंदवला जात नाही.

एक शंका अशी आहे, की ती याच विद्यार्थिनींना जास्त पडते, कारण त्यांना जास्त माहिती असते. लशीचा सर्वाधिक फायदा विषाणूशी संपर्क येण्याआधी, १२-१३ व्या वर्षी घेतल्यास होतो, हे त्या शिकलेल्या असतात. मग २१ व्या वर्षी उपयोग काय? शिवाय हा हिशेब उघडपणे कुणाशी बोलायचा म्हणजे स्वतःच्या लैंगिक आयुष्याबद्दल बोलणं आलं, तेही शिक्षकांसमोर किंवा प्रसूतिशास्त्राच्या बाह्यरुग्ण विभागात, जिथे पुढच्या महिन्यात पोस्टिंग असणार. त्यामुळे प्रश्न विचारलाच जात नाही आणि अर्धवट उत्तरावर निर्णय होतो.

उत्तर आहे, आणि ते प्रामाणिकपणे दिलं तर पटण्यासारखं आहे. स्वीडनमध्ये १६ लाखांहून अधिक मुली आणि स्त्रियांच्या नोंदींवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. १७ व्या वर्षाआधी लस घेतलेल्यांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी होता, तर १७ ते ३० या वयात घेतलेल्यांमध्ये ५३ टक्क्यांनी. फायदा घटतो हे खरं, पण घटूनही निम्म्याहून जास्त उरतो. जपानमध्येही निइगाता इथल्या २० ते २२ वर्षांच्या तरुणींच्या अभ्यासात लस घेतलेल्यांमध्ये १६ आणि १८ प्रकारांचा संसर्ग ०.२ टक्के, तर न घेतलेल्यांमध्ये २.२ टक्के आढळला. ‘उशीर झाला आहे, तरी फायदा आहे’ हे वाक्य आकड्यांसकट सांगणारी प्राध्यापिका वर्गात असेल, तर ही शंका पाच मिनिटांत सुटते. नुसतं ‘लस घ्या, सुरक्षित आहे’ असं सांगितलं तर ती तशीच राहते, कारण शंका सुरक्षिततेची नसतेच.

कोविडच्या काळात मुलींच्या मनात प्रजननक्षमतेबद्दलची भीतीही भरली गेली. कोविडच्या लशीनंतर मासिक पाळी पुढे गेल्याचे अनुभव मैत्रिणी एकमेकींना सांगत होत्या आणि डॉक्टर सुरुवातीला ते झटकून टाकत होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात दिसलं, की लशीनंतर पाळीच्या चक्रात सरासरी एका दिवसाहून कमी आणि तात्पुरता बदल होतो. म्हणजे मुली चूक बोलत नव्हत्या आणि घाबरण्यासारखंही काही नव्हतं. हे आधीच तपासून सांगितलं असतं, तर अफवेला एवढी जागा मिळाली नसती. स्त्रियांच्या शरीराबद्दलचे प्रश्न उशिरा तपासण्याची किंमत पुढच्या प्रत्येक लशीला मोजावी लागते.

लिफाफ्याचा प्रवास

आता इच्छा असलेल्या मुलीकडे येऊ. एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणू. ती कुणी एक व्यक्ती नाही, त्या पिढीतल्या अनेकींच्या अडचणी तिच्यात एकत्र केल्या आहेत. घर कुमामोतोला, महाविद्यालय टोकियोत, वर्ष तिसरं. शिफारस पुन्हा सुरू झाल्याचं तिने वाचलं आहे आणि लस घ्यायची हे ठरवलं आहे.

जपानमध्ये लसीकरण नगरपालिकेचं काम आहे, आणि पत्र जातं ते रहिवासी नोंदणी असलेल्या पत्त्यावर. शिकायला बाहेर पडलेले बरेच विद्यार्थी ही नोंदणी घरच्याच पत्त्यावर ठेवतात. त्यामुळे लिफाफा कुमामोतोला पोहोचतो. तो आई उघडते, किंवा न उघडता टेबलावर ठेवते. आत माहितीपत्रक असतं आणि लशीआधी भरायची प्रश्नावली: आजचं तापमान, अॅलर्जी, पूर्वी लशीनंतर त्रास झाला होता का, पाळी लांबली आहे का किंवा गरोदर असण्याची शक्यता आहे का. हा कागद हातात नसेल तर टोकियोतला दवाखाना मोफत लस देऊ शकत नाही. कागद पोस्टाने मागवला तरी तो कुमामोतोच्या दवाखान्यांसाठी आहे. बाहेरगावी लस घ्यायची तर आपल्या नगरपालिकेकडून आधी विनंतीपत्र घ्यायचं, किंवा स्वतः पैसे भरून नंतर परतावा मागायचा. तीन डोसांना हजारो येन लागतात. विद्यार्थिनीकडे एवढी रक्कम महिनोन्‌महिने अडकवून ठेवायला कुठून असणार?

मग सुट्टीत घरी गेल्यावर घेऊ असं ठरतं. पण डोस तीन. दुसरा दोन महिन्यांनी, तिसरा सहा महिन्यांनी. तिसऱ्या वर्षाच्या क्लिनिकल पोस्टिंगमध्ये एक दिवस बुडाला तरी भरून काढावा लागतो. लशीनंतर अर्धा तास दवाखान्यात बसायचं असतं, आणि दवाखाना उघडा असण्याच्या वेळात ती वॉर्डात असते. त्यातच बातमी येते, की नऊ प्रकारांवरची लस एप्रिल २०२३ पासून मोफत कार्यक्रमात येणार आहे. पूर्व आशियात ५२ आणि ५८ हे प्रकार तुलनेने जास्त आढळतात आणि नवी लस त्यांच्यावरही चालते, हे तिला माहीत असतं. मग तोपर्यंत थांबू. हे थांबणं शहाणपणाचंच वाटतं, आणि वर्ष निघून जातं.

या मुलीला सर्वेक्षणात विचारलं, ‘लस घेण्याचा विचार आहे का?’ तर ती ‘हो’वर खूण करेल. दोन वर्षांनी विचारलं तरी ‘हो’च. इच्छेचं माप घेणाऱ्या अभ्यासांत ती यशाच्या रकान्यात मोजली जाते.

याचं फार जुनं उदाहरण अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचं आहे. हॉवर्ड लेव्हेन्थल आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या लशीबद्दलची पुस्तिका दिली. काहींना धडकी भरवणारी, काहींना साधी. भयानक पुस्तिका वाचणाऱ्यांची इच्छा वाढली, पण प्रत्यक्ष लस घेणारे फक्त ३ टक्के. ज्यांना पुस्तिकेसोबत आरोग्य केंद्राचा नकाशा आणि ‘तुझ्या वेळापत्रकात कधी जाशील ते ठरव’ अशी सूचना मिळाली, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के जाऊन लस घेऊन आले. शेवटच्या वर्षाच्या त्या विद्यार्थ्यांना आरोग्य केंद्र कुठे आहे हे ठाऊक होतं. नकाशाने नवी माहिती काहीच दिली नाही, जाण्याचा निर्णय मात्र एका ठरावीक दिवसाला आणि वेळेला बांधून दिला.

शेवटच्या तारखेची गर्दी

भरपाई मोहिमेची पहिली दोन वर्षं संथ गेली. मार्च २०२५ पर्यंत तिन्ही डोस मोफत पूर्ण करायचे, तर पहिला डोस सप्टेंबर २०२४ पर्यंत घ्यायला हवा होता. ही तारीख जवळ आली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात दवाखान्यांत रांगा लागल्या. मागणी एवढी वाढली, की लशीचा पुरवठा मर्यादित करावा लागला आणि अपॉइंटमेंट मिळेना. शेवटी सरकारने सवलत दिली: मार्च २०२५ पर्यंत एक तरी डोस घेतला असेल, तर उरलेले डोस मार्च २०२६ पर्यंत मोफत.

त्या उन्हाळ्यात विज्ञानात नवं काही घडलं नव्हतं. सुरक्षिततेचा पुरावा तोच होता, मुलीही त्याच होत्या. म्हणजे ज्या आळशी किंवा बेफिकीर समजल्या जात होत्या, त्यांच्यातल्या पुष्कळ जणींची इच्छा आधीपासून होती. काही विद्यापीठांनी आवारातच लसीकरणाची सोय केली, तिथे पत्त्याचा, वेळेचा आणि अनोळखी दवाखान्याचा, असे तिन्ही अडसर एकदम दूर झाले. खरं तर जून २०२१ पासून विद्यापीठांच्या आवारात कोविडची लस देऊन झाली होती. खुर्च्या, रांग, अर्धा तास बसवण्याची जागा, सगळ्याचा सराव होता. एचपीव्हीसाठी तेच एप्रिल २०२२ मध्येच करता आलं असतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली आलेल्या अंदाजानुसार २०१३ ते २०१९ या काळात हुकलेल्या लसीकरणामुळे जपानमध्ये त्या मुलींच्या आयुष्यभरात २४,६०० ते २७,३०० जादा कर्करोग आणि ५,००० ते ५,७०० जादा मृत्यू होतील. भरपाईने हा आकडा कमी होतो, पण किती कमी होतो ते ती किती लवकर पोहोचते यावर ठरतं.

तुलनेसाठी आयर्लंड. तिथेही अशाच बातम्यांनंतर लसीकरण ८७ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये ५१ टक्क्यांपर्यंत घसरलं. पण आरोग्यसेवेने शिफारस मागे घेतली नाही, शाळेतलं लसीकरण चालू ठेवलं, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी असलेली लॉरा ब्रेनन ही तरुणी स्वतःहून पुढे येऊन मोहिमेचा चेहरा झाली. २०१९ मध्ये, २६ व्या वर्षी ती गेली. तोपर्यंत प्रमाण पुन्हा वर चढू लागलं होतं. भीती दोन्ही देशांत होती. एकीकडे शिफारस टिकली, दुसरीकडे ती मागे घेतली गेली.

महाविद्यालयाच्या हातातलं

आरोग्यशाखेच्या विद्यार्थिनींची वेगळी दखल घ्यायचं कारण त्यांच्या स्वतःच्या आरोग्यापुरतं नाही. पालक लस देण्याचा निर्णय घेतात त्यात आरोग्यसेवकाच्या शिफारशीचं वजन सर्वांत जास्त असतं, हे देशोदेशी दिसून आलं आहे. २०२२ ची ही विद्यार्थिनी २०३० मध्ये शाळेत, प्रसूती विभागात किंवा नगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात असेल, आणि १२ वर्षांच्या मुलीची आई तिला विचारेल, ‘तुम्ही घेतली होती का?’

पोस्टिंगपूर्वीच्या आरोग्य फॉर्मवर एचपीव्हीची एक ओळ घालावी, सक्ती न करता. ‘घेतली / अर्धवट / नाही / सांगायचं नाही’ असे चार पर्याय पुरे. ओळ असली की कुणीतरी विचारलं असं होतं, आणि ‘अर्धवट’ लिहिणारीला उरलेल्या डोसांची तारीख देता येते. सक्तीच्या मी विरोधात आहे. हिपॅटायटिस बीची सक्ती रुग्ण आणि नर्स यांच्यातल्या संसर्गावर उभी आहे, एचपीव्हीला तो आधार नाही. शिवाय जिथे विश्वास एकदा तुटला आहे, तिथे सक्तीने फक्त सह्या मिळतात.

पहिला डोस पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात, पोस्टिंग सुरू होण्याआधी ठेवला तर तिसरा सहज बसतो. तारखा शैक्षणिक वेळापत्रकातच छापाव्यात. बाहेरगावच्या मुलींसाठी विनंतीपत्राचा अर्ज कार्यालयातून एकगठ्ठा पाठवावा, कारण तो प्रत्येकीने स्वतः करायचा म्हटला की निम्म्या जणी तिथेच थांबतात. प्रश्न विचारायला स्वतःच्या शिक्षकांखेरीज दुसरी व्यक्ती उपलब्ध हवी, गुण देणारी व्यक्ती तर नकोच. आणि वर्गात मुलगेही असतात. जपानमध्ये चार प्रकारांवरच्या लशीला मुलग्यांसाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली, पण भरपाई मोहीम फक्त मुलींसाठी होती. विषाणू दोघांकडून पसरतो आणि जबाबदारी एकीवर येते, ही तक्रार विद्यार्थिनी करत असतील तर ती रास्त आहे. तिला उत्तर म्हणून मुलग्यांनाही त्याच खोलीत बसवून तीच माहिती द्यायला हवी.

मार्च २०२६ नंतर ज्यांची संधी गेली, त्यांच्यासाठी आता तपासणी महत्त्वाची आहे. जपानमध्ये २० व्या वर्षापासून दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी होते. एप्रिल २०२४ पासून ३० वर्षांपुढच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी एचपीव्ही तपासणीचा मार्गही नगरपालिकांना खुला झाला आहे. तिथेही पत्र जातं ते नोंदणीच्याच पत्त्यावर. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला, नोकरीच्या गावी जाताना रहिवासी नोंदणी बदलून घे आणि तपासणीची पहिली तारीख आताच ठरव, हे सांगायला प्राध्यापिकेला दोन मिनिटंही लागत नाहीत.